डंखहीन मधमाशीची नवी प्रजाती : खात्री कशी करावी आणि वर्णन केव्हा करावे?

रानवाट

नमस्कार. गेली तीन वर्षे मी डंखहीन मधमाश्यांच्या, म्हणजे आपण ज्यांना पोयाच्या माश्या म्हणतो त्यांच्या, पाच घरट्यांची नोंद ठेवत आहे. चार घरटी एका जुन्या दगडी भिंतीच्या फटींत आहेत आणि पाचवे तिथून जवळच एका झाडाच्या ढोलीत आहे. माश्या टेट्रागोन्युला या जातकुळीतल्या आहेत, याबद्दल मला शंका नाही. मात्र उपलब्ध ओळखकुंज्यांपैकी (लक्षणे पडताळत प्रजाती ओळखण्याच्या तक्त्यांपैकी) एकीतही त्या नीट बसत नाहीत. टेट्रागोन्युला इरिडिपेनिसच्या वर्णनाशी त्या सर्वांत जवळ वाटतात, तरीही पुढील फरक मला सातत्याने दिसले आहेत. डोक्याची रुंदी कमी आहे. शृंगिकेचा, म्हणजे डोक्यावरच्या मिशीचा, दांडा पिवळसर आहे. पोटाचा रंग काळा नसून फिकट तपकिरी आहे. छातीच्या पाठीकडच्या फलकावर इरिडिपेनिसमध्ये केसांचे जे पट्टे आणि त्यांच्या मधल्या चकचकीत जागा दिसायला हव्यात, त्या इथे दिसत नाहीत, संपूर्ण फलक जवळजवळ केसविरहित वाटतो. शिवाय घरट्याच्या दारावरची मेणाची नळी बरीच लांब आणि खाली वाकलेली आहे.

एकूण चाळीस कामकरी माश्या मी मोजल्या आहेत. एका माशीच्या पायापासून सीओआय या, प्रजाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाचा क्रमही मिळवला आहे. सार्वजनिक संग्रहात इरिडिपेनिस या नावाने ठेवलेल्या क्रमांपेक्षा तो जवळपास पाच टक्क्यांनी वेगळा आहे. एवढ्या पुराव्यावर ही नवी प्रजाती आहे असे म्हणता येईल का? आणि म्हणता येत असेल, तर वर्णन लिहायला सुरुवात कुठून करावी? नावही मनात आहे, परंतु ते इथे लिहावे की नाही याबद्दल साशंक आहे.

पंखशिरा

तीन वर्षे त्याच पाच घरट्यांकडे पाहत राहणे हे या कामातले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे काम आहे, आणि ते तुम्ही केले आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते निरुत्साह करण्यासाठी नाही, तर तुमच्या नोंदी शेवटपर्यंत टिकाव्यात म्हणून लिहितो आहे.

पहिली आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे चाळीस माश्या हा आकडा. या चाळीस माश्या किती घरट्यांतल्या आहेत? डंखहीन मधमाश्यांची राणी बहुतेक प्रजातींमध्ये एकाच नराशी मिलन करते आणि नर हा अफलित अंड्यातून जन्मलेला असल्यामुळे त्याचे सगळे शुक्राणू जनुकीयदृष्ट्या एकसारखे असतात. परिणामी एका घरट्यातल्या कामकरी माश्या सख्ख्या बहिणींपेक्षाही अधिक सख्ख्या, सरासरी तीन-चतुर्थांश जनुके समान असलेल्या, बहिणी ठरतात. म्हणून एका घरट्यातल्या चाळीस माश्या मोजल्या, तरी आपण प्रजातीतला चढउतार मोजलेला नसतो, एका कुटुंबाची ठेवण चाळीस वेळा मोजलेली असते. सांख्यिकीच्या कोष्टकात मात्र ती संख्या चाळीस म्हणूनच जाते आणि प्रमाण विचलन इतके लहान येते की कोणाशीही तुलना केली तरी फरक ठळक दिसतो. मोजणीचे खरे एकक माशी नसून घरटे आहे, असे मी मानतो. प्रत्येक घरट्यातून पाच-सात माश्या पुरेशा आहेत, परंतु घरटी जितकी जास्त आणि जितक्या दूरदूरची मिळतील तितकी हवीत.

दूरदूरची हे मी मुद्दाम लिहितो आहे. या माश्यांचे नवे घरटे सातेरीसारखे, म्हणजे आपल्याकडच्या डंख असलेल्या मधमाशीसारखे, एका झेपेत वसत नाही. मूळ घरट्यातल्या कामकरी माश्या कित्येक दिवस, कधी कधी आठवडे, नव्या जागी मेण, राळ आणि अन्न वाहून नेत राहतात आणि त्यामुळे लेकीचे घरटे आईच्या उड्डाणाच्या टप्प्यातच असावे लागते. एकाच भिंतीतली तुमची चार घरटी एकमेकींच्या आई-लेकी किंवा बहिणी असण्याची शक्यता म्हणूनच बरीच मोठी आहे.

डोक्याच्या रुंदीबद्दलही सावध राहावे असे वाटते. या माश्या अळीला रोज भरवत नाहीत. मेणाच्या कोठीत द्रवरूप अन्न एकदाच भरले जाते, त्यावर राणी अंडे घालते आणि कोठीचे तोंड लगेच बंद केले जाते. अळीच्या वाट्याला तेवढेच अन्न येते, म्हणून कोठीत अन्न कमी पडले की माशी लहान निपजते. एखादी वसाहत अशक्त असेल किंवा हंगाम वाईट असेल, तर सगळे घरटेच आकाराने लहान दिसू शकते. नुसत्या लांबी-रुंदीपेक्षा प्रमाणे अधिक बोलकी असतात. डोळ्याची लांबी आणि डोक्याची रुंदी यांचे गुणोत्तर, डोळा आणि जबड्याचे मूळ यांच्या मधल्या जागेची शृंगिकेच्या एका खंडाच्या रुंदीशी तुलना, मागच्या पायाच्या नडगीची लांबी आणि रुंदी, त्याच पायाच्या पंज्याच्या पहिल्या खंडाची रुंदी ही मापे घ्यावीत. पंखाची लांबी मोजताना टोकापर्यंत न जाता शिरांच्या ठरावीक संगमबिंदूंमधले अंतर घ्यावे, कारण चरायला जाणाऱ्या वयस्क माश्यांच्या पंखांच्या कडा झिजलेल्या असतात.

दुसरी बाब जुन्या नावांची. ओळखकुंजीत न बसणे म्हणजे नवे असणे नव्हे. कुंजी ज्याने केली त्याने जेवढे नमुने पाहिले, तेवढ्यापुरतीच ती खरी असते. फ्रेडरिक स्मिथने 1854 मध्ये श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून ट्रायगोना इरिडिपेनिस हे नाव (ट्रायगोना ही तेव्हाची जातकुळी) दिले आणि नंतर शंभराहून अधिक वर्षे भारतीय उपखंडातल्या जवळजवळ प्रत्येक लहान काळ्या डंखहीन माशीला तेच नाव चिकटत राहिले. मधल्या काळात वॉकरचे प्रेटेरिटा हे 1860 चे, स्मिथचेच रुफिकॉर्निस हे 1870 चे आणि कॅमेरॉनचे बेंगालेन्सिस हे 1897 चे, अशी आणखी नावे प्रकाशित झाली. मूरे यांनी 1961 मध्ये टेट्रागोन्युला हा गट वेगळा काढला, साकागामी यांनी 1978 मध्ये आशिया खंडाच्या मुख्य भूमीवरील आणि श्रीलंकेतील प्रजातींची कसून तपासणी केली आणि रासमुसेन यांचा उपखंडातील प्रजातींचा आढावा 2013 मध्ये आला. त्यानंतरही याच भागातून नव्या प्रजातींची वर्णने येत राहिली आहेत. तुमची माशी नवी आहे असे म्हणण्याआधी यांतले प्रत्येक नाव तिला लागू पडत नाही, हे तुम्हाला दाखवावे लागेल आणि तेही मूळ वर्णन आणि शक्य तिथे मूळ प्ररूप नमुना (ज्याच्यावरून नाव दिले गेले तो नमुना) किंवा त्याची चांगली छायाचित्रे पाहून. जुनी वर्णने बहुधा चार-पाच ओळींची आणि जवळजवळ रंगावरच बेतलेली असतात. केवळ ती वाचून निर्णय करू नये.

तिसरी बाब, नर. तुमच्या संपूर्ण निवेदनात नराचा उल्लेखही नाही. या गटात कामकरी माश्या एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की प्रजाती वेगळी ठरवण्यासाठी नराचे जननांग आणि पोटाखालचे शेवटचे पट्ट पाहिल्याशिवाय आज कोणताही जाणकार समाधानी होणार नाही. नराची शृंगिका तेरा खंडांची असते, मादीची बारा खंडांची. मागच्या पायावर परागाची टोपलीही नराला नसते. त्यामुळे भिंगाखाली तो ओळखणे कठीण नाही. दाराजवळ घोंघावणारा नरांचा थवा दिसला, तर ते नर त्याच घरट्यातले आहेत असे मात्र समजू नका. नव्या राणीच्या आशेने अनेक घरट्यांतले नर एका दारापाशी जमतात, हे जनुकीय अभ्यासांतून दिसलेले आहे. खात्रीचा नर हवा असेल तर तो त्या घरट्याच्या कोठीतून बाहेर पडलेला असावा किंवा त्याच्या जनुकांवरून त्याचे नाते सिद्ध झालेले असावे.

एक छोटा प्रश्न विचारून थांबतो. नमुने कशात ठेवले आहेत?

मेणकोठी

पंखशिरा यांनी लिहिलेल्या प्रत्येक मुद्द्याशी सहमत आहे. मी फक्त रंग आणि घरटे यांबद्दल लिहिते.

रंगाच्या बाबतीत मी स्वतः एकदा चुकले होते आणि त्या चुकीत माझा एक संपूर्ण हंगाम गेला. एका पडलेल्या झाडातल्या घरट्यातून गोळा केलेल्या माश्यांचे पोट आणि पाय फिकट पिवळट होते आणि ते मी वेगळेपणाचे मुख्य लक्षण धरले. पुढे त्याच वसाहतीच्या दारापाशी पकडलेल्या माश्या काळ्याशार निघाल्या. घरटे उघडून मी ज्या माश्या उचलल्या होत्या, त्या कोठीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या, पिल्लांची देखभाल करणाऱ्या कोवळ्या माश्या होत्या. त्यांचे कवच पक्के होऊन रंग गडद व्हायला दिवस लागतात. तेव्हापासून मी वर्णनासाठीचे नमुने दारापाशी, बाहेरून पराग किंवा राळ घेऊन परतणाऱ्या माश्यांमधूनच घेते आणि कोवळ्या माश्या वेगळ्या कुपीत, तसे लिहून ठेवते. तुमचे फिकट तपकिरी पोट आणि पिवळा दांडा कोणत्या माश्यांवर दिसला, हे कृपया तपासावे. दारापाशी पकडण्याचा दुसरा फायदा असा की वसाहतीला इजा होत नाही. राणी आणि पिल्ले जागच्या जागी राहतात आणि तुम्हाला त्याच घरट्याकडे पुढच्या वर्षीही जाता येते.

दाराच्या नळीवर मी फारसा भर देणार नाही. नळी किती लांब असेल, हे वसाहतीचे वय, मुंग्यांचा त्रास, राळेची उपलब्धता आणि फटीचा आकार यांवर बरेच अवलंबून असते. एकाच वसाहतीची नळी मोडली की पुन्हा बांधताना ती वेगळ्या वळणाने बांधली गेलेली मी पाहिली आहे. आतली रचना, विशेषतः पिल्लांच्या कोठ्यांची मांडणी, त्यापेक्षा पुष्कळ जास्त सांगते. ऑस्ट्रेलियातले उदाहरण यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. टेट्रागोन्युला कार्बोनेरिया आणि टेट्रागोन्युला हॉकिंग्सी यांच्या कामकरी माश्या बाहेरून वेगळ्या ओळखणे जवळजवळ अशक्य असते. कार्बोनेरियाच्या कोठ्या मात्र एका पातळीत, सपाट चकतीसारख्या, चक्राकार वर चढत जातात, तर हॉकिंग्सीच्या कोठ्या तुटक पायऱ्यांसारख्या गटागटांनी मांडलेल्या असतात. त्याच गटातील डेव्हनपोर्टी ही तिसरी प्रजाती 2004 मध्ये जनुके आणि घरट्याची रचना एकत्र ठेवूनच पुढे आली. तुमच्या घरट्यांत कोठ्या थरांत आहेत की द्राक्षाच्या घोसासारख्या, हे तुम्ही लिहिलेले नाही. भिंत उकरू नका. फटीतून जाईल एवढा बारीक कॅमेरा पुरतो. शिवाय कधी भिंत किंवा झाड पडलेच, तर वसाहत पेटीत हलवताना छायाचित्रे घेण्याची संधी मिळते.

सूत्रधारा

जनुकीय क्रमाबद्दल थोडे लिहितो. सीओआयच्या साधारण 658 आधारक-जोड्यांच्या तुकड्यावर पाच टक्के फरक दिसला म्हणजे प्रजाती वेगळी, असा कोणताही नियम नाही. दोन किंवा तीन टक्क्यांची जी मर्यादा वारंवार सांगितली जाते, ती कामचलाऊ चाळणी आहे. ज्या माश्यांच्या राण्या दूर उडून जात नाहीत, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियाचे वाण थोड्या अंतरावरही खूप वेगळे झालेले आढळू शकतात, कारण मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो आणि राणीची झेप, वर सांगितल्याप्रमाणे, आईच्या घरट्याला बांधलेली असते. नर त्या मानाने मोकळे फिरतात, म्हणून केंद्रकातली जनुके एकसारखी आणि मायटोकॉन्ड्रियातली जनुके भिन्न, असे चित्र एकाच प्रजातीत दिसणे शक्य आहे. त्यासाठी केंद्रकातली किमान एक-दोन जनुके तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

तुमच्या क्रमवाचनाच्या आलेखावर जागोजागी दुहेरी शिखरे दिसत असतील किंवा क्रमाचे प्रथिनात भाषांतर करताना मध्येच थांबा-संकेत येत असेल, तर तुम्ही मायटोकॉन्ड्रियाचे जनुक न वाचता केंद्रकात शिरलेली त्याची मृत प्रत वाचली असण्याची शक्यता आहे. हे पाहायला अर्धा तास पुरतो.

आणि सार्वजनिक संग्रहातल्या नावांवर विश्वास ठेवू नका. तिथे क्रमासोबत जे नाव असते ते क्रम देणाऱ्याने लिहिलेले असते. ज्या इरिडिपेनिसशी तुम्ही तुलना केली, ती खरोखर स्मिथची इरिडिपेनिस आहे का? श्रीलंकेतून आलेल्या, ओळख पक्की झालेल्या नमुन्याचा क्रम तुलनेला नसेल, तर तुम्ही कदाचित दोन अनोळखी माश्यांमधले अंतर मोजले आहे.

रानवाट

सर्वांचे मनापासून आभार. विचारलेल्या गोष्टींची उत्तरे देतो. चाळीसपैकी एकतीस माश्या भिंतीतल्या एकाच घरट्याच्या होत्या आणि उरलेल्या ढोलीतल्या. हे मी आधी महत्त्वाचे मानले नव्हते. सर्व माश्या दारापाशीच पकडल्या होत्या, त्यामुळे रंगाचा मुद्दा निदान कोवळ्या माश्यांमुळे बाद होऊ नये. नमुने सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये आहेत आणि फलकावरचे केस मी ओल्या नमुन्यावरच पाहिले. क्रमाचे भाषांतर आज तपासले, थांबा-संकेत नाही. कोठ्यांची मांडणी आणि नर या दोन्ही गोष्टींची नोंद माझ्याकडे नाही.

समजा, पुढच्या हंगामात हे सगळे मिळाले आणि तरीही माशी वेगळीच राहिली, तर नाव वैध ठरण्यासाठी नेमके काय लागते?

पंखशिरा

आधी नमुन्यांबद्दल. सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये जनुके हळूहळू खराब होतात, म्हणून पुढचे नमुने पंचाण्णव टक्क्यांहून अधिक तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये आणि थंड जागी ठेवा. ओल्या माशीचे केस अंगाला चिकटून बसतात आणि उरलेला फलक काचेसारखा चमकतो, त्यामुळे ओल्या नमुन्यावर केसांचे पट्टे पाहणे व्यर्थ आहे. साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात माशी हलकेच हलवून घ्या, स्वच्छ पाण्यातून आणि मग ताज्या अल्कोहोलमधून काढा, टिपकागदावर ठेवा आणि कोमट हवेचा मंद झोत देत बारीक कुंचल्याने केस उभे करा. मग प्रकाश एका बाजूने, अगदी तिरका पाडून पाहा.

आता नावाबद्दल. आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेची 1999 ची चौथी आवृत्ती 1 जानेवारी 2000 पासून लागू आहे. तिच्यानुसार नाव नवे आहे हे लेखात स्पष्ट म्हटलेले असावे लागते. माशी इतरांपासून कशाने वेगळी आहे, हे शब्दांत लिहावे लागते, नुसती छायाचित्रे पुरत नाहीत. होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला कायमचे बांधले जाते तो एकच नमुना, कोणता हे निःसंदिग्ध सांगावे लागते आणि तो कोणत्या संग्रहात, कुठे ठेवला आहे किंवा ठेवला जाईल तेही नमूद करावे लागते. लेख केवळ इंटरनेटवर प्रसिद्ध होणार असेल, तर 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे तो आधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदवलेला असावा आणि त्या नोंदणीचा पुरावा लेखातच असावा. टेट्रागोन्युला हे स्त्रीलिंगी आहे, म्हणून विशेषणासारखे नाव घेतल्यास त्याचा शेवटही स्त्रीलिंगी करावा. पुरुषाच्या नावावरून केलेले नाव सहसा आय या अक्षराने आणि स्त्रीच्या नावावरून केलेले एई या अक्षरांनी संपते, ती रूपे जातकुळी बदलली तरी बदलत नाहीत. संग्रहाबाहेर नमुने पाठवायचे असतील, तर संबंधित देशाचे जैवविविधतेचे कायदे आणि 2014 पासून अमलात आलेला, जनुकीय संसाधनांच्या वापराबद्दलचा नागोया करार यांच्या अटी आधी पाहा. परवानगी नंतर मागता येत नाही.

मनातले नाव इथे लिहू नका. इथे लिहिल्याने ते वैध होणार नाही, परंतु वर्णनाशिवाय फिरणारे नाव पुढे याद्यांमध्ये, छायाचित्रांखाली आणि जनुकांच्या संग्रहातही शिरते आणि ते काढून टाकणे कोणालाच जमत नाही.

होलोटाइप म्हणून कामकरी निवडावी की नर, याबद्दल मतभेद आहेत. जुने प्ररूप बहुतेक कामकरी माश्यांचे असल्यामुळे कामकरी घेतल्यास तुलना सोपी जाते, हा युक्तिवाद मला मान्य आहे. तरीही मी स्वतः कोठीतून बाहेर पडलेला नर निवडेन, त्याचा एक पाय जनुकांसाठी वापरेन, जननांग सौम्य क्षारात स्वच्छ करून ग्लिसरीनच्या लहानशा कुपीत त्याच टाचणीला लावेन आणि त्याच घरट्यातल्या कामकरी माश्या पॅराटाइप (होलोटाइपसोबत वर्णनात नोंदवलेले इतर नमुने) म्हणून सोबत देईन. प्रत्येक टाचणीवरच्या चिठ्ठीत ठिकाण, तारीख आणि पकडणाऱ्याचे नाव यांसोबत घरट्याचा क्रमांकही असू द्या. तो राहून गेला, तर कोणता नर कोणत्या कामकरी माशीचा भाऊ हे पुन्हा कधीच सांगता येत नाही.

रानवाट

काल रात्री भिंतीतल्या घरट्यातली एक माशी आणि ढोलीतली एक, अशा दोन माश्या सांगितल्याप्रमाणे धुऊन वाळवल्या. पहिल्या काही मिनिटांत काहीच दिसले नाही. दिवा टेबलाच्या कडेपर्यंत खाली आणून प्रकाश आडवा पाडला, तेव्हा ज्या फलकाला मी तीन वर्षे केसविरहित म्हणत होतो, त्यावर फिकट केसांचे उभे पट्टे एकामागून एक उठून दिसू लागले आणि त्यांच्या मधोमध चकचकीत, गुळगुळीत जागा. दोन्ही माश्यांवर तेच. म्हणजे माझ्या यादीतला तो फरक खोटा होता आणि मेणकोठी यांचे वाचल्यावर दाराच्या नळीवरही मी रेघ मारली आहे.

डोक्याची रुंदी, दांड्याचा रंग आणि पोटाचा रंग एवढेच आता उरले आहे. पाचही घरट्यांना क्रमांक दिले आहेत. त्याच परिसरात, परंतु उड्डाणाच्या टप्प्याबाहेर, आणखी घरटी शोधायला या आठवड्यात सुरुवात करतो आणि नर मिळाले की याच धाग्यावर परत येतो.